चाळीस सह्या

टिटवाळ्याची ऐश्वर्या कल्याणच्या एका चार मजली हॉस्पिटलात कामाला लागली, तेव्हा तिच्या हातात नर्सिंगची ताजी पदवी होती आणि हॉस्पिटलच्या हातात छापील तक्ता. नवख्या मुलीने सहा आठवडे अनुभवी सिस्टरच्या नजरेखाली काम करावं, एकेक काम जमलं की सिस्टरने त्यापुढे सही करावी, अशी त्यात मोठी देखणी सोय होती. ऐश्वर्याच्या तक्त्यावर पहिल्याच सकाळी चाळीसच्या चाळीस सह्या तयार होत्या. सिस्टर ऋजुता पाठारे.

"त्या कुठे भेटतील, मॅडम?"

"भेटतील गं," मेट्रन दळवी मॅडम म्हणाल्या. "आधी वॉर्ड सांभाळ."

वॉर्डात पेशंट चोवीस. सिस्टर एक. तीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर ओरडून गेले होते, दोन बेडच्या बेल वाजत होत्या आणि एका पेशंटचा मुलगा मोबाइलवर तिचं शूटिंग करत होता. नऊ नंबरच्या जगनकाकांना उलटीचं इंजेक्शन द्यायचं होतं. तिने ट्रेमधली कुपी फोडली, सिरिंज भरली, काकांच्या हातावरच्या सुईला लावली.

कुणीतरी तिचं मनगट धरलं.

गार, कोरडी पकड. साबणाचा वास. तिने मागे पाहिलं; कुणी नव्हतं. पकड मात्र सुटेना. मग तिने कुपीवरचं नाव वाचलं. पोटॅशियम. सलाइनमध्ये मिसळून सावकाश द्यायचं औषध. असं थेट गेलं असतं तर काकांचं हृदय तिथल्या तिथे थांबलं असतं.

"बरी आली ती मोठी सिस्टर," मोहने गावचे जगनकाका म्हणाले. "पण लय रागात हाय हां. तुझ्यावर नाय. केबिनकडं बघत होती."

ऐश्वर्या रडली नाही. सरळ मेट्रनच्या केबिनमध्ये शिरली.

"ऋजुता पाठारे कोण?"

"अगं, हळू! कुणी नाही. तपासणीवाल्यांना नाव लागतं, मी ठेवलं. सहा वर्षं तीच शिकवतेय सगळ्या पोरींना. बिनपगारी." मॅडम स्वतःच्याच विनोदावर हसल्या.

"काका मेले असते."

"मेले का? नाही ना? आणि मेले असते तरी कागदावर तू शिकलेली आहेस, बाळा. रजिस्ट्रेशन तुझं गेलं असतं."

"मला शिकवायला माणूस द्या. खरा."

"नाव खुपतंय ना तुला? खोडते. त्याजागी 'शिवानी' लिहिते."

मॅडमनी तिचा तक्ता पुढे ओढला, पेन उचललं. ते कागदापर्यंत आलंच नाही.

त्यांच्या मनगटाची कातडी आत दबली. चार बोटं, एक अंगठा.

मालक आले तरी खुर्ची न सोडणारी बाई हळूहळू उभी राहिली.

"यस, सिस्टर." मॅडमचा आवाज कोवळ्या पोरीचा झाला होता. "योग्य पेशंट. योग्य औषध. योग्य मात्रा..."

औषध देण्याचे पाच नियम पहिल्या वर्षाच्या मुलींनाही तोंडपाठ असतात. मॅडम चौथ्याला अडखळल्या. बोटं आणखी रुतली, तशा कळवळल्या. पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागल्या.

ऐश्वर्या वॉर्डात परतली. चोवीस पेशंट होतेच. तीन वाजता ती निघाली, तेव्हा केबिनचं दार बंद होतं. आतला आवाज आता पार घोगरा झाला होता, आणि अजून तिसऱ्या नियमापाशीच होता.