निरंक वादळं

दांड्यावरच्या दोनशे नव्या घरांच्या किल्ल्या परवा वाटल्या जाणार होत्या. त्याआधी, म्हणजे उद्या सकाळी, शेवटची सुनावणी होती. त्या सुनावणीच्या टेबलाशेजारी दांड्यामागच्या तळ्यातला पुरुषभर उंचीचा चिखल जसाच्या तसा, नळीत भरून उभा करायचा, एवढ्यासाठी तीन माणसं सकाळी सातला होडीत बसली होती.

दांडा म्हणजे वाळूची लांबच लांब पट्टी. एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला खारं तळं. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात तिथली सगळी घरं गेली आणि आता त्याच जागी, त्याच रांगांत, सिमेंटची नवी घरं उभी होती. सरकारी अहवालात कारण स्वच्छ लिहिलं होतं : वादळ मोठं नव्हतं, घरं कच्ची होती. घरं पक्की केली, प्रश्न मिटला! वसाहतीच्या फाटकावरचा पहारेकरी नळी घेऊन कुणाला आत सोडेना, म्हणून हा खारफुटीतला आडवाटेचा घाट घालावा लागला.

होडीत सगळ्यांत वयस्क होते वादळमास्तर. वेधशाळेत एकतीस वर्षं नोंदी लिहून निवृत्त झाल्यापासून ते दिसेल त्याला वादळांबद्दल सांगत सुटायचे, म्हणून गावानं हे नाव ठेवलं होतं. त्यांच्यासमोर त्यांची भाची, चौतिशीची, गाळाचा अभ्यास करणारी. आणि वल्ही मारणारा नावाडी तिला सरळ ‘चिखलाची डॉक्टर’ म्हणायचा. दोन वर्षं तो बायकापोरांसकट बंदरावरच्या गोदामात, पडदे लावून केलेल्या खोलीत राहत होता. नव्या वसाहतीतलं एकशे बारा नंबरचं घर त्याचं होतं.

“ताई, चिखल बघून काय कळणार हो?” त्यानं विचारलं.

“समुद्र दांडा ओलांडतो तेव्हा वाळू घेऊन येतो. एरवी तळ्यात नुसता काळा गाळ बसतो, वर्षाला दोन-तीन तांदळांएवढा जाड. मध्येच वाळूचा पांढरा पट्टा दिसला, की समजायचं, तेव्हा समुद्र आत शिरला होता.”

“आणि पट्टा नसला तर?”

“तर तुम्ही खुशाल राहायला जा.”

“मग नसणारच,” नावाडी म्हणाला आणि जोरात हसला. मास्तर हसले नाहीत. ते मांडीवरच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या छोट्या यंत्राकडे बघत होते. काटा पहाटेपासून तीन रेघा खाली उतरला होता.

“दुपारच्या आत परतायला हवं,” ते म्हणाले.

“मास्तर, तुम्हाला गेली दहा वर्षं रोज दुपारी वादळ दिसतंय!”

खारफुटीत शिरल्यावर हसणं बंद झालं. फांद्या इतक्या खाली आल्या होत्या, की तिघांना होडीत आडवं पडून हातांनी मुळं ओढत पुढं सरकावं लागलं. डासांनी नुसता उच्छाद मांडला. पुढं पाणी संपलं आणि चिखलाचं मैदान सुरू झालं. दोन फळ्या टाकायच्या, त्यांवरून चालायचं, मागची उचलून पुढं ठेवायची. दीडशे पावलांच्या त्या मैदानानं तिघांच्या नाकीनऊ आणले. एकदा मास्तरांचा पाय फळीवरून सटकला आणि बघता बघता ते मांडीपर्यंत रुतले!

“हलू नका! मामा, अजिबात हलू नका!” भाची ओरडली. ती फळीवर पालथी पडली, त्यांच्या काखेत हात घातले आणि नावाड्यानं तिचे पाय धरून ओढलं. मास्तर निघाले. डावा बूट मात्र कायमचा आत राहिला.

“हा पुढच्या शास्त्रज्ञांना सापडेल,” नावाडी म्हणाला. “म्हणतील, इथं एका पायाची माणसं राहायची!”

तळ्याच्या काठावर ते दम खायला बसले. पलीकडे वसाहत दिसत होती. पिवळा रंग अजून ताजा, खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या चिठ्ठ्या, एका ओट्यावर कुणीतरी आधीच कुंडी आणून ठेवलेली. त्या कुंडीकडे मास्तरांना बघवेना. इथं मुळात कुणीच राहायला यायला नको होतं, आणि हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

वेधशाळेच्या गच्चीवर वारा मोजायचं यंत्र होतं, चार वाट्यांचं. साधा वारा असला की वाट्या फिरायच्या, आकडा मिळायचा, मास्तर तो वळणदार अक्षरात लिहायचे. पण खरं मोठं वादळ आलं की पहिल्या तासातच वाट्या उडून जायच्या! मग आकडा कुठला मिळणार? आणि नियम असा, की आकडा मिळाला नाही तर त्या रकान्यात ‘निरंक’ लिहायचं. दुरुस्तीच्या दिवशी निरंक, सुट्टीच्या दिवशी निरंक, आणि समुद्र घरांवरून गेला त्या दिवशीही निरंक. पुढं किनाऱ्याच्या वादळांचा इतिहास लिहायची वेळ आली, तेव्हा मास्तरांनीच सगळ्या नोंदी चाळून गोषवारा केला. आकडे असलेली वादळं धरली, निरंक सोडून दिली. ‘या किनाऱ्यावर अतितीव्र वादळाची नोंद नाही’ हे वाक्य त्यांचं, खालची सही त्यांची. त्याच वाक्यावर दांड्यावरची पहिली वसाहत उभी राहिली. तिच्यात त्यांची धाकटी बहीण राहायला गेली, आणि बावीस वर्षांपूर्वीच्या वादळात ती वाहून गेली. त्या दिवसाच्या रकान्यातही त्यांनी निरंकच लिहिलं. नियम म्हणजे नियम!

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. समोर नळी जोडत बसलेल्या त्या बहिणीच्या मुलीला तर नाहीच. चिखलच बोलला तर आपल्याला बोलावं लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. बाकी जगाला वादळांच्या गोष्टी सांगणारा हा माणूस स्वतःच्या गोष्टीपाशी आला की मूग गिळून बसायचा.

पहिली नळी मुळाला लागून तडकली. दुसरी, म्हणजे शेवटची, त्यांनी छातीभर पाण्यात उभं राहून इंचाइंचानं दाबली. वर पाणी भरलं, रबरी बूच ठोकलं. मग दोर लावून ओढायला सुरुवात. चिखल सोडेना! नावाड्याच्या तळहातांची सालं निघाली. शेवटी फस्सकन आवाज झाला आणि नळी वर आली. भाचीनं खालचं तोंड झटकन बंद केलं.

नळी पारदर्शक होती. तिनं ओल्या फडक्यानं ती पुसली आणि तिघंही वाकले. काळा गाळ. मग पांढरा पट्टा, बोटभर जाड. पुन्हा काळा. पुन्हा पांढरा. नावाडी बोट टेकवत खाली खाली गेला.

“सात,” तो म्हणाला. त्याचं हसू पार मावळलं होतं.

“साधारण चारशे वर्षांत सात,” भाची म्हणाली. “त्यातले तीन या वरच्या हातभरात. वरचा गाळ अजून पातळ आहे, म्हणून नळी उभीच न्यायची. आडवी केली की सगळं ढवळून जाईल.” तिनं फोनवर चार फोटो काढले आणि फोन पिशवीत टाकला.

तेवढ्यात मास्तरांनी यंत्राकडे पाहिलं. काटा अकरा रेघा खाली होता.

परतताना चिखलाचं मैदान अर्धं पाण्याखाली गेलं होतं. फळ्या तरंगायला लागल्या. तरी ते पोचले. खारफुटीत नळी फांद्यांना अडू लागली, तेव्हा ते कमरेभर पाण्यात उतरले आणि मास्तरांनी ती छातीशी धरून चालत नेली. होडीच्या मधल्या आडव्या फळीला ती उभी बांधली, चार ठिकाणी गाठी मारल्या. आता फक्त खाडीचं मुख ओलांडायचं होतं. पाऊण तासाचं काम.

मुखाशी वारा एकदम अंगावर आला. पाऊस आडवा! समोरचा धक्का दिसेनासा झाला. प्रत्येक लाटेसरशी ती उभी, जड नळी एका अंगाला कलायची आणि होडीलाही घेऊन कलायची. एक लाट थेट आत आली. पिशवी गेली. फोन गेला. दुसरी आली. होडी अर्धी भरली.

“आडवी करा ती!” नावाडी ओरडला. “उलटवणार ही आपल्याला!”

“नाही!” मास्तरांनी नळीला मिठी मारली.

“मास्तर, आडवी करा!”

“तुला काय जातंय सांगायला? तुला घर हवंय ना? पट्टे पुसून गेलेलेच हवेत तुला!”

क्षणभर नावाड्याचं वल्हं थांबलं. त्यानं मास्तरांकडे असं पाहिलं, की ते शब्द परत घेता आले तर बरं, असं त्यांना वाटलं. पण शब्द कुठले परत येतात!

“घर मिळेल तेव्हा मिळेल,” तो ओरडला. “आधी जीव वाचवा! ताईचा तरी!”

भाचीनं सुरी काढली. एक गाठ. दुसरी. मास्तर तिचा हात धरायला गेले. तिनं तो झटकला. तिसरी. चौथी! नळी कोसळली, फळीच्या कडेवर आदळली आणि वरचं बूच उडालं. काळा-पांढरा चिखल भसाभस होडीच्या तळात पसरला.

“बादली घ्या! मामा, बादली!”

मास्तरांनी बादली घेतली. पाण्याबरोबर तो चिखल, ते सातही पट्टे, ते स्वतःच्या हातांनी उपसून समुद्रात फेकू लागले. दुसरा इलाजच नव्हता. ते उपसत होते, रडत होते, पुन्हा उपसत होते. होडी हलकी झाली. नावाड्यानं दात-ओठ खात वल्ही मारली. बऱ्याच वेळानं पुढून कुणीतरी दोर फेकला, आणि धक्का हाताला लागला.

बंदरावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघं थरथरत बसली. नावाडी गोदामात बायकापोरांना बघायला धावला होता. बाहेर पत्रे खडखडत होते.

“संपलं,” मास्तर म्हणाले. “नव्या नळ्या आणून पुन्हा जायचं तर पंधरा दिवस हवेत. तोवर लोक राहायला जातील. आता पुरावाच नाही.”

“आहे,” भाची म्हणाली.

“कुठाय?”

“तुम्ही.”

ती त्यांच्याकडे वळली.

“सहा वर्षांपूर्वी मी वेधशाळेतल्या जुन्या वह्या पाहिल्या. आई गेली त्या दिवसाचा रकाना पाहिला. तुमचं अक्षर मला कळत नाही का? तुमच्याच घरी राहून शाळा शिकले मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आजही सकाळपासून थांबले होते.” तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं. “आणि मामा, त्या दिवशी आईचा फोन आला, तेव्हा मी शेजारीच अभ्यास करत बसले होते. तिच्या दारात होडी होती. तिला उत्तम पोहता यायचं. तुम्ही म्हणालात, घरातच थांब, दांड्यावर पाणी येत नाही, तशी नोंदच नाही.”

नियम होता, एवढंच मास्तरांच्या तोंडात येत होतं, आणि तेवढं तरी त्यांनी गिळलं.

वादळ किनाऱ्याला हूल देऊन रात्रीतून उत्तरेकडे सरकून गेलं. सुनावणी ठरल्या वेळी झाली. खोली गच्च भरलेली, मागं गोदामातली सगळी कुटुंबं. अभियंत्यानं नकाशा लावला, अहवालातलं ‘अतितीव्र वादळाची नोंद नाही’ हे जुनं वाक्य मोठ्यानं वाचलं. अध्यक्षांनी घड्याळ बघत विचारलं, “कुणाला काही सांगायचंय?”

मास्तर उठले. पायात अजून शेजाऱ्याच्या चपला होत्या.

“हे वाक्य मी लिहिलंय,” ते म्हणाले. “ते चूक आहे. माझ्या काळात या किनाऱ्यावर मोठी वादळं झाली. त्यांचा आकडा नाही, कारण यंत्रच उडून गेलं. मी तिथं निरंक लिहिलं. तुम्ही त्याचा अर्थ शांत हवा असा घेतलात, कारण मीच तसा घेऊ दिला.”

“म्हणजे खोटी नोंद केलीत?” अभियंत्यानं विचारलं.

“नियमाप्रमाणे केली. माझी सख्खी बहीण त्यात गेली, तरी नियमाप्रमाणेच केली.”

“याला आधार काय? उद्या कुणीही येऊन काहीही सांगेल!”

मागून आवाज आला. “तळ्यातल्या चिखलात वाळूचे सात पट्टे होते. मी बोट लावून मोजलेत.” नावाडी उभा राहिला होता. त्याच्या दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली होती. “माझं घर नंबर एकशे बारा. मला काय गरज पडलीय खोटं बोलायची?”

खोलीत गलका झाला. बायका ओरडू लागल्या, कुणी मास्तरांना, कुणी नावाड्याला. तासाभरानं अध्यक्षांनी किल्लीवाटप थांबवलं. दांड्यावर पुढचा आदेश येईपर्यंत कुणी राहायला जायचं नाही.

मास्तर बाहेर पायऱ्यांवर आले. गोदामातली माणसं त्यांच्याकडे न बघता जात होती. एक म्हातारी थांबली, त्यांच्या पायाशी थुंकली आणि पुढं गेली. शेवटी नावाडी आला.

“काल होडीत बोललो ते...” मास्तरांनी सुरुवात केली.

“जाऊ द्या ते.” नावाडी थांबला. “आज तुम्ही खरं बोललात. पण मास्तर, माझं पहिलं घर त्या वादळानंतर बांधलं. तुमची बहीण गेली, त्याच्यानंतर. साहेब लोक म्हणाले, नोंद नाही, बांधा. तेव्हा तुम्ही नोकरीत होता ना?”

“होतो.”

नावाड्यानं मान हलवली. एवढंच त्याला विचारायचं होतं. तो पायऱ्या उतरून गोदामाकडे वळला, आणि भाचीही मास्तरांना ओलांडून त्याच्या मागोमाग निघाली.