भानपट्टी

तुम्ही ह्या बायकांचा राग चोरलात. घरातली भांडी चोरली असतीत तर त्यांनी बोंब तरी मारली असती. तुम्ही बोंबच चोरलीत, आणि वर त्या चोरीला आरोग्य योजना म्हणालात.

वेंगुर्ल्याकडच्या त्या काजू कारखान्यात आज शिरून बघा. बायका ओळीनं बसल्यात. बी फुटते, गर टोपलीत पडतो. कुणी कुणाची उणीदुणी काढत नाही, सुनेच्या नावानं बोटं मोडत नाही. प्रत्येकीच्या कपाळावर राखाडी भानपट्टी.

माणूस रिकामा बसला तरी मेंदू बसत नाही. त्यात एक जाळं आहे. ते कालच्या भांडणात शिरतं, उद्याच्या चुलीपाशी जातं, नको तिथं भटकून येतं. भानपट्टी ह्या जाळ्याची चाहूल घेते आणि जाणवणारही नाही अशा विजेच्या स्पंदनानं त्याला गप्प करते. मग उरतो चालू क्षण: हातातली बी, नाकातला श्वास. चिंता नाही, चरफड नाही. तुमच्या कायद्यानं ती सक्तीची झाली तेव्हा मालकांनी पेढे वाटले होते.

कुंदा मेस्त्री ह्याच ओळीत बसायची. तिच्या शेजारची शेवंती भाजणीच्या खोलीत गुदमरून मेली. धूर बाहेर फेकणारा पंखा बंद होता, आणि तो बंद आहे हे कुंदानं मुकादमाच्या तोंडावर सांगितलं होतं. शेवंतीला ओढून बाहेर काढलं तेही कुंदानंच. आता चौकशी समिती येणार होती. कुंदा बोलली नाही तर शेवंतीचं काळीजच कमजोर होतं, असं ठरणार होतं.

कुंदा बोलेल ह्याची सगळ्यांना खात्री होती. देवळात गाऱ्हाणं बाप्ये घालतात. पट्टी यायच्या आधी कारखान्यात ते कुंदा घालायची. हंगामाची भट्टी पेटायच्या आधी नारळ ठेवून ती मागच्या हंगामातलं एकेक पाप देवाच्या कानावर घाली, पुढच्यासाठी मागणं मागे, आणि बायका "होय महाराजा!" म्हणून छप्पर हलवत. मुकादमाचे कान लाल होत.

समिती यायच्या आदल्या दिवशी ती कारखान्याच्या दवाखान्यात गेली. "डॉक्टरबाई, ही पट्टी काढा. उद्या माका बोलूचा आसा."

डॉ. रेगेंनी पट्टी काढली. "काय वाटतं, कुंदाताई?"

कुंदानं मोकळ्या कपाळावरून बोटं फिरवली. "शेवंती मेली ह्यां म्हायत आसा. पंखो बंद होतो, तांय म्हायत आसा. पण राग येणा नाय. राग खंय गेलो माझो?"

"पायवाटेनं कुणी गेलं नाही की तिच्यावर गवत वाढतं ना, तसं झालंय. राग यायला काल आठवून भागत नाही. काल, आज आणि उद्या एकमेकांना जोडावे लागतात. जोडणारं ते जाळंच तुमच्यात सुकलंय."

"मगे तां परत कधी येतला?"

"महिने लागतील. कदाचित..." डॉक्टरांनी वाक्य गिळलं. "पण बघा, आत्ता जे आहे तेच पाहायचं, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या शिकवतायतच की."

"शिकवतत, बाये. कपाळाक बांधीत नाय."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये टेबल मांडलं गेलं. समितीचे साहेब म्हणाले, "बोला बाई, तक्रार काय?"

कुंदा उभी राहिली. काल आणि उद्या जोडायची तिला एकच रीत ठाऊक होती. तिनं हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, महाराजा!"

"होय महाराजा!"

"आज तुझी लेकरां हय जमली आसत, महाराजा!"

"होय महाराजा!"

"आमची शेवंती..." ती थांबली. शेवंतीचा चेहरा समोर आला, स्वच्छ, फोटोसारखा. त्याच्या मागे काही नव्हतं, पुढेही नव्हतं. कुंदाचे ओठ हलले. "शेवंती... नाय आसा, महाराजा."

"होय महाराजा," बायका शांतपणे म्हणाल्या.

"पंखो... बंद होतो, महाराजा."

"होय महाराजा."

"मगे..." मागायचं काय होतं? कुणाकडून, कशाबद्दल? तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते गरम आहे, हे तिच्या लक्षात आलं. ते गालावरून उतरतंय, हेही आलं. "वारो बरो येता, महाराजा," ती म्हणाली.

"होय महाराजा!"

साहेब हसले. "छान. पंखा बंद होता म्हणतात, पण तक्रार नाही. मागणी नाही." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. डॉ. रेगे भिंतीशी उभ्या होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, सगळं आठवत होतं, आणि त्या तोंड उघडत नव्हत्या. मुकादमानं सगळ्यांना चहा दिला.

डॉक्टरांचं कपाळ मोकळं होतं. मुकादमाचं मोकळं होतं. साहेबांचं आणि टेबलामागच्या प्रत्येकाचं मोकळं होतं. कायदा लिहिणाऱ्यांनो, चालू क्षण जर इतका गोड आहे, तर तुमच्या कपाळावर पट्टी का नाही? बोला.