घडीच्या सायकलची खीळ

जळगाव स्टेशनबाहेर एक बाई आपली सायकल मधोमध मोडत होती, आणि चुडामण मिस्त्री ती वाचवायला धावला.

त्याची तरी काय चूक? दोन चाकं एकमेकांवर दुमडणारी सायकल जळगावात तोवर पाहिली होती कुणी? "बाई, सोडा... सोडा! समोरच माझं सायकलचं दुकान आहे—" म्हणत त्याने हँडल धरलं. तिने डोळे वर केले. पांढरं लुगडं, खांद्याला औषधांची पिशवी, आणि कपाळावर पावसाचे थेंब.

"मिस्त्री म्हणवता, आणि घडी घालणं म्हणजे मोडणं वाटतं तुम्हाला?"

"बिजागऱ्या... सायकलीला?"

"दाराला चालतात, मग सायकलीनं काय पाप केलंय?"

गाडीची घंटा झाली. सायकलची घडी उचलून ती बायकांच्या डब्यात चढली, आणि चुडामण पावसात उभाच राहिला. त्या दिवशी त्याने एका गिऱ्हाइकाच्या धडधाकट ट्यूबला पंक्चरचं ठिगळ लावलं म्हणतात.

ती मंजुळा, पाचोऱ्याच्या दवाखान्यातली नर्स. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराचा जादा माल भुसावळला विकायला निघाला, त्यात तिला ही सायकल मिळाली. विमानातून उड्या मारणाऱ्या शिपायांसाठी केलेली! गाडीतून न्यावी, हव्या त्या स्टेशनावर उघडावी आणि आडगावची बाळंतपणं गाठावीत, असा तिचा बेत. पण शिपायाची सायकल बाईमाणसाला कशी मानवणार? लुगड्याचा काठ चेनमध्ये अडके, आणि चढावर छाती फुटे.

मग दुकानाच्या फेऱ्या सुरू झाल्या. चुडामणने चेनवर पत्र्याचं झाकण बसवलं, मागच्या चाकाला जाळी विणली, हँडल वर घेतलं. सरतेशेवटी एका साहेबाच्या जुन्या सायकलीचं तीन वेगांचं मागचं चाक मिळवून तेही चढवलं. एवढी माया त्याने स्वतःच्या सायकलीवर कधी केली नव्हती.

"कशी चालते?" तो विचारी.

"पहिल्या वेगात बैलगाडी, तिसऱ्यात मेल. दुसऱ्यात मात्र कुरकुरते."

"मग... परत आणावी लागेल."

"कुरकुर मुद्दाम तर नाही ना ठेवलीत?"

चुडामण कानापर्यंत लाल झाला. मुद्दाम ठेवली नव्हती. पण काढायची घाईही त्याला नव्हती.

"आणि गावात काय म्हणतात?"

"घडी घातली की गाव गोळा होतं. 'मोडनी का, बाई?' म्हणून हळहळतात. परवा एका आबांनी तर बांधायला दोरी आणून दिली!"

ती हसली की तो पाना शोधायला खाली वाके. पाना बहुधा त्याच्या हातातच असे.

श्रावणात खालच्या बिजागरीच्या खिळीला बारीकशी चीर दिसली. चुडामणने लेथवर नवी खीळ करून आणली. जुनी फेकायची, एवढंच काम होतं. पण ती मंजुळाच्या सायकलीतली खीळ! तिच्याबरोबर गावोगाव हिंडलेली! ती काही त्याच्याने फेकवेना. रॉकेल आणि राख लावून त्याने ती घासघासून लखलखीत केली आणि नव्या खिळीशेजारी फडक्यावर ठेवली... तेवढ्यात छत्री झटकत मंजुळा दारात.

"आज स्वारी भारी खुशीत दिसते, मिस्त्री?"

"छे... कुठे काय... हे बघा, नवी खीळ बसवतोच आहे."

त्याने एक खीळ बसवली, दुसरी गुपचूप खिशात टाकली. मंजुळा गाडीने पाचोऱ्याला निघून गेली.

दुपारी त्याने खिशातली खीळ हळूच काढली. चिरेवरून नख फिरवलं. नख सुळकन घसरलं. उलटी केली, उजेडात धरली... चीर नव्हतीच!

चुडामणच्या तोंडचं पाणी पळालं. नवी खीळ इथे, आणि चिरलेली तिच्या सायकलीत. उतारावर बिजागरी उघडली तर? दुकान तसंच उघडं टाकून तो स्टेशनाकडे पळाला. गाडीत त्याला बसवेना. गाडी तेवढ्यानं लवकर पोचणार असल्यासारखा तो सारी वाट दारात उभा होता. देवा, आज तिला कुठून बोलावणं येऊ नको... माझा जीव घ्यायचा तर घे, पण तिला आज घरी ठेव!

पाचोऱ्याच्या दवाखान्यात कंपाउंडर तोताराम पुड्या बांधत होता.

"नर्सबाई? आत्ताच वडगावला गेल्या. बाळंतीण अडली आहे. नाल्याच्या उतारानं गेल्या म्हणजे—"

पुढचं चुडामणने ऐकलंच नाही. दाराशी टेकवलेली तोतारामची सायकल त्याने उचलली. घाबरला की तोतारामची दवाखान्यातली मराठी सुटून तोंडी अहिराणी यायची. तो मागून ओरडला, "अरे, मनी सायकल कथा लई चालना?"

कापसाच्या शेतांमधून रस्ता जात होता. बारीक पाऊस, चाकाला चिकटणारी काळी माती, आणि प्रत्येक वळणावर त्याला पांढरं लुगडं पडलेलं दिसे... जवळ गेलं की तो बगळा असे.

नाला ओलांडल्यावर ती दिसली. जिवंत! सायकलची घडी काखेत मारून ती चिखलातून तरातरा चालली होती. कोपर खरचटलं होतं. चुडामणला रडूच कोसळायचं, पण तेवढ्यात तिने वळून पाहिलं.

तिने मूठ उघडली. खिळीचे दोन तुकडे होते.

"नवी म्हणालात ना? जुनीच घासूनपुसून माझ्या गळ्यात मारलीत! इतर कुणी केलं असतं तर... तुमच्यावर मी डोळे मिटून विश्वास टाकला होता, मिस्त्री."

आता काय सांगावं? गप्प बसावं तर लबाड ठरणार. खरं बोलावं तर आणखी काय काय ठरणार देव जाणे. त्याने खिशातली नवी खीळ पुढे केली.

"फसवलं नाही हो. जुनी घासली ती... ती मला ठेवायची होती."

"मोडकी खीळ? कशाला?"

"तुमची होती म्हणून."

पाऊस पडत राहिला. मंजुळाने त्याच्याकडे पाहिलं, मग खिळीकडे, मग वडगावाकडे.

"बसवा लवकर. ती बाई माझी वाट बघत असेल."

बस्स, एवढंच! त्याने खीळ बसवली, तीनदा ओढून पाहिली. ती सायकलवर बसली आणि तिसऱ्या वेगात निघून गेली. राग गेला की राहिला, काही कळायला मार्ग नव्हता. तोही तोतारामची सायकल चिखलातून रेटत मागोमाग गेला. पुन्हा खीळ सुटली तर, असं त्याने मनाला सांगितलं. मनाला ते पटलं नाही.

वडगावात त्या घरासमोरच्या निंबाखाली तो उकिडवा बसला. आतून कण्हणं ऐकू येई, मध्येच मंजुळाचा धीर देणारा आवाज. घरातल्या पुरुषांनासुद्धा बाळंतिणीच्या म्हाताऱ्या सासूने शेजारी पिटाळलं होतं, आणि हा परका गडी दाराशी! लहान बाळाचं रडणं ऐकू आलं तसा तो दचकून उभा राहिला. त्याच वेळी म्हातारी पाणी घ्यायला बाहेर आली.

"हाऊ कोन शे? बाळंतीनना दारमा काय करी ऱ्हायना तू?" तिने कोपऱ्यातली केरसुणी उचलली. "चाल, निंघ आठून!"

चुडामणने तोंड उघडलं. मिस्त्री म्हणावं? ओळखीचा म्हणावं? कोण होता तो तिचा?

मंजुळा दारात आली. थकलेली, केस कपाळाला चिकटलेले. शहरात शिकून आल्यापासून तिने नीटस पुस्तकी मराठी सोडली नव्हती. चुडामणने तिच्या तोंडून गावची बोली कधी ऐकली नव्हती.

"पोर व्हयनी, आक्का. दोन्ही चांगल्या शेतस."

"ते देवनी किरपा. पन हाऊ कोन?"

मंजुळाने चिखलाने माखलेल्या, घामेजलेल्या चुडामणकडे एकदा नीट पाहिलं.

"मना शे, आक्का," ती म्हणाली. "बसू दे त्याले."