मंगळवारची नोंद

"याच्यातलं एक नाव काढून टाका, मॅडम," म्हणत भागवतभाऊनं लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आपटला. मागं त्याचा लहान भाऊ उभा होता.

हरीओम.

आमची नजर भिडली आणि दोघांनीही एकदमच खाली पाहिलं. अनसिंगच्या स्टँडजवळ कॉम्प्युटरची तीन दुकानं आहेत. पण खताचं दुकान माझ्या समोर, म्हणून भागवतभाऊ माझ्याच दारात शिरला.

"कोणतं नाव?" मी विचारलं.

"त्यालेच विचारा. पोरीचं हाय. उद्या शिरपूरचे पाव्हणे येऊन राह्यले याच्यासाठी सोयरीक घेऊन. त्यायचा पोरगा, नवरीचा भाऊ, कॉम्प्युटरवाला. त्यानं हे उघडलं तं? आन् नाव असं, का वाचल्याबरोबर समजते कोण्या घरचं हाय ते." त्यानं भावाकडं बोट केलं. "खताचे पोते घेऊन येतो. तवर झालं पायजे."

तो रस्ता ओलांडून गेला. बाहेरच्या पाटीवर फक्त 'प्रबुद्ध कॉम्प्युटर' लिहिलंय. माझं नाव नाही. म्हणून भागवतभाऊला कळलं नाही, की ज्या पोरीचं नाव पुसायचं, तिलाच तो काम सांगून गेला.

मशीन जुनी, विंडोज सेव्हनची. एकदा ज्या वायफायला जोडली गेली, त्याचं नाव ती विसरत नाही. तिचं वायफायचं बटण बंदच होतं. मी यादी उघडली. ग्रामपंचायत… कृषी केंद्र… पाटील वायफाय… आणि सगळ्यांच्या वर, धम्मदीपा. माझ्या राऊटरला मी माझंच नाव दिलंय. आमच्याकडं सगळे तेच करतात.

गेल्या वर्षी एकतीस जुलैला, पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी, हाच माणूस धापा टाकत दुकानात घुसला होता. फोनला रेंज नाही, काखेत हीच मशीन.

"पासवर्ड सांगता का?"

"सांगत नसते. आना इकडं, मीच टाकते."

मग दर आठवड्याला काही ना काही काम निघायला लागलं. "तुमच्या दुकानापाशी आलो का आपोआप जोडल्या जाते, मॅडम."

"मशीन शहाणी हाय. मालकाचं काय?"

मालक कानापर्यंत लाल झाला होता. मॅडमची 'तू' कधी झाली, ते दोघांनाही कळलं नाही. आणि गेले तीन आठवडे त्याचा पत्ता नव्हता. आज आला तो असा… भुवयांवर सोयाबीनचा भुसा घेऊन, भावाच्या मागं लपून.

"पुसू?" मी विचारलं.

त्यानं दाराकडं पाहिलं.

"तोंड हाय का घरीच ठेवून आला?"

"दीपा… भाऊनं माह्या हातातून मशीन ओढली. मी दुसऱ्या दुकानात नेऊ म्हनलं तं ऐकलं नाही."

"म्हंजे दुसऱ्याच्या हातानं पुसलं असतं. वा! मले समजलंबी नसतं."

मला त्या भुवयांवरचा भुसा झटकावासा वाटत होता, आणि कानाखालीही एक द्यावीशी वाटत होती.

"अर्धवट काम मी करत नाही," मी म्हटलं. "वरच्या यादीतून नाव काढलं तरी आत नोंद राह्यते. पह्यल्यांदा कधी जोडलं, शेवटी कधी. तेबी पुसा लागते."

त्या तारखा दाखवणारा एक छोटा प्रोग्राम माझ्याकडं आहे. तो चालवला. पहिली तारीख, एकतीस जुलै. शेवटची…

मी पुन्हा वाचलं. परवाचा मंगळवार. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

"मंगळवारी आला व्हता तू?"

तो टेबलाची कड नखानं खरवडायला लागला.

"समोरच्या लिंबाखाली… गाडीच्या टाकीवर मशीन उघडून बसलो व्हतो. तू दिसत व्हती. कोनाचा तरी फॉर्म भरून राह्यली व्हती."

"मंग आत काहून नाही आला?"

"आत आलो असतो तं पाव्हन्याचं सांगा लागलं असतं. नाही जमलं. म्हनलं, जोडल्या तं गेलं… तेवढंच."

माझा राग होता तिथंच होता. पण नजर लिंबाकडं गेली. समोर भागवतभाऊ पोती गाडीवर बांधत होता. मी यादीतलं माझं नाव निवडलं, काढायचं बटण दाबलं. काढू का, हो किंवा नाही, असा प्रश्न पडद्यावर आला. मी माऊस त्याच्याकडं सरकवला.

"घे. मी माह्या हातानं मले पुसत नाही. तू पुस."

त्याचा हात माऊसवर आला. दारात सावली पडली.

"झालं का?" भागवतभाऊ.

हरीओमनं माझ्याकडं पाहिलं. मी पापणी हलवली नाही. मग एकच आवाज आला, टक्. प्रश्न पडद्यावरून गेला. माझं नाव तिथंच होतं.

"नाही झालं, भाऊ," तो म्हणाला. आवाज फाटला, पण म्हणाला. "ही धम्मदीपा. यादीतलं नाव हिचंच हाय."

भागवतभाऊनं मला पाहिलं, पाटीकडं पाहिलं, पुन्हा मला पाहिलं.

"मशीनपुढं बोलनं सोपं असते," तो दातओठ खात म्हणाला. "हेच घरी मायपुढं बोल. मंग पाहू." आणि गाडीला किक मारून एकटाच निघून गेला.

हरीओमनं मशीन मिटली.

"त्यानं गाडी नेली," हरीओम म्हणाला. "दोन कोस पायी जा लागते आता."

"जाय. तेवढीच सजा तुले." मी शेवटी हात पुढं केला आणि त्याच्या भुवईवरचा भुसा झटकला. "एक सांगू? चौदा महिने झाले, म्या पासवर्ड बदलला नाही. कुठून तरी तो फुटला, आजूबाजूचे सारे माह्यं नेट फुकटात ओढून राह्यले."

"मंग बदलला काहून नाही?"

"बदलला असता तं तुही मशीन दारातच अडली असती, येड्या."

तो हसला. तीन आठवड्यांनी हसला. मी टेबलावरची किल्ली उचलली, त्याला बाहेर ढकललं आणि दिवसाढवळ्या शटर खाली ओढलं.

"कुठं निघाली?"

"तुह्या मायपुढं. तुह्या तोंडाचा भरोसा नाही मले," मी म्हटलं. "चाल."