हाकेचा उंचवटा

"सुप्रभात, मीनलताई. आज गुरुवार. नाश्त्याला पोहे आहेत," भिंत म्हणाली.

मीनलताईंनी तिच्याकडे साफ दुर्लक्ष केलं. हे रोजचंच होतं. समोर बसलेल्या भालचंद्र आवटींना भिंतीचा असा अपमान झालेला मनातून आवडायचाही. कुणीतरी या यंत्राला भीक घालत नाही, आणि ती आपली बायको आहे!

मिरजेच्या बाहेर, द्राक्षबागांना लागून, 'निवांत' हे स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांचं निवासगृह होतं. तिथल्या प्रत्येक खोलीच्या भिंतीत एक बोलकं यंत्र बसवलेलं होतं. सगळे त्याला भिंतबाई म्हणत. कुणाला बिनसाखरेचा चहा, कुणाचा डावा गुडघा दुखरा, हे सगळं भिंतबाईला ठाऊक असे. एकच प्रश्न शंभरदा विचारला तरी ती शंभरदा गोड उत्तर देई. "आत्ताच सांगितलं ना!" हे वाक्य तिच्या तोंडून कधीच निघत नसे, त्यामुळे ती माणूस नाही हे चटकन ओळखू येई.

आवटींनी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली होती. भरलेल्या गाडीचं एक वजन, रिकाम्या गाडीचं दुसरं, आणि मधला फरक तो ऊस. माणसांकडेही ते याच नजरेनं बघत. हुद्दा, चष्मा, इंग्रजी एवढं वजा केलं की माणसात खाली काय उरतं, हे त्यांना लगेच दिसे. दिसे ते दिसे, वर तोंडावर सांगूनही टाकत. त्यामुळे मित्र थोडे होते. बायको मात्र एकच असून पुरून उरली होती.

रोज सकाळी ते बसनं येत आणि तिच्याबरोबर नाश्ता करत. ती त्यांना ओळखते का, हे विचारायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. पण पोह्यांतले शेंगदाणे ती अजूनही एकेक वेचून त्यांच्या ताटलीत टाकायची. तिला शेंगदाणे आवडत नाहीत, हे लग्नाच्या पहिल्या आठवड्यात समजलं होतं. बाकी सगळं गेलं तरी हे टिकलं, यावर आवटींचा दिवस निघत असे.

"आवटीकाका, जरा बोलायचंय. रागावू नका," दारात येऊन डॉक्टर ऋजुता बेडेकर म्हणाल्या. पुण्याच्या होत्या, वयानं आवटींच्या नातीएवढ्या, आणि वाईट बातमी देताना हातातली चष्म्याची डबी उघडझाप करत.

"मी रागावतो तेव्हा दात काढून ठेवतो. अजून तोंडात आहेत. बोला."

"मीनलताईंना सोमवारपासून तिसऱ्या मजल्यावर न्यावं लागेल."

आवटींनी चमचा खाली ठेवला. तिसरा मजला म्हणजे शांत विभाग. तिथं भिंतबाईचाही आवाज बंद असे. मंद उजेड, मऊ गाद्या, आणि भेट रविवारी, तीही काचेपलीकडून.

"का? कालपरवा तर तिनं तुमच्या योगशिक्षकाला 'सरळ उभा राहा' म्हणून दटावलं!"

डॉक्टरांनी कपाळपट्टी दाखवली. आतून बारीक ठिपक्यांसारखे संवेदक असलेली ती मऊ पट्टी होती. "स्वतःचं नाव कानावर पडलं, की माणसाच्या मेंदूत एक लहर उठते. झोपेत उठते, बेशुद्धीतही उठू शकते. बाकीच्या आठवणी पुसल्या तरी ही शेवटपर्यंत तग धरते. आम्ही तिला हाकेचा उंचवटा म्हणतो. भिंतबाई परक्या नावांत मिसळून यांचं नाव घेते आणि पट्टी लहर मोजते. यांची रेघ गेले तीन महिने धाब्याच्या छतासारखी सपाट आहे. ज्यांच्यापर्यंत नावच पोचत नाही, त्यांना बोलणं म्हणजे नुसता गोंगाट होतो, काका. त्रास होतो त्यांना."

"पाटीलकाकूंनाही असंच नेलंत. दिवाळीपर्यंत मला कॅरममध्ये हरवत होत्या. वर म्हणायच्या, 'पाच बहिणींत मी शेवटची, माझ्या पाठीवर भाऊ. मिळेल ते टिपायची सवय लहानपणापासून आहे.'" आवटी पुढं म्हणाले, "वर सगळ्या बायकाच कशा हो तुमच्या?"

"बायका जास्त जगतात."

"हे तुमच्या माहितीपत्रकातलं झालं. खालच्या मजल्यावर निम्मे पुरुष आहेत. वर शोधून सापडत नाही."

डॉक्टरांची डबी मिटली ती उघडली नाही. तेवढ्यात परिचारिका शबाना मुल्ला आत आली. तिनं मुठीतली वस्तू आवटींच्या हातावर ठेवली. मंगळसूत्र होतं.

"तुमच्याकडंच ठेवा काका. परत काढून दिलं मला. म्हणतात, 'कुणाचं तरी पडलंय बघ. पोचतं कर, बिचारी शोधत असेल.'"

"कुणाचं ते सांगितलं नाही का?"

"'लग्न झालेल्या बाईचं असणार, एवढंही कळत नाही का गं तुला?' म्हणाल्या."

डॉक्टर आणि शबाना बाहेर गेल्या. आवटी ते मण्यांचं ओझं तळहातावर घेऊन बसले. वजन करायची जुनी खोड होती, ती चालूच राहिली. हे तिला कधी मिळालं? लग्नाच्या दिवशी, मांडवात. आणखी काय मिळालं त्या दिवशी?

नाव.

ताटात तांदूळ पसरले होते, आणि त्यावर आवटींनी अंगठीनं नाव लिहिलं होतं, मीनल. कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या नव्या सुनेचं नाव मीनल होतं आणि ते ऐकायला बरं वाटलं होतं, यापलीकडे त्याला काही कारण नव्हतं. पुढं शिधापत्रिकेवर मीनल, बँकेत मीनल, शेजारीपाजारी मीनलवहिनी. स्वतः आवटींनी त्या नावानं तिला एकदाही हाक मारली नाही. 'अगं' एवढ्यावर सगळा संसार झाला होता.

दोन्ही एकाच मांडवातल्या वस्तू. एक ती मालकिणीला परत करायला निघाली आहे, तर दुसरी कशाला ठेवून घेईल? भिंतबाई तीन महिने भलत्याच बाईला हाका मारत होती.

आवटी ताडकन उठले. पण दारापर्यंतच गेले. काट्यावरच्या माणसाला वजाबाकी अर्धी सोडता येत नाही. मंगळसूत्र गेलं, नाव गेलं. त्या दिवशी तिला मिळालेली तिसरी वस्तू कोणती? नवरा.

ते परत येऊन बसले. समोर ती शांतपणे शेंगदाणे वेचत होती. एक त्यांच्या ताटलीत पडला, मग दुसरा. आत कुठंतरी अजून ती त्यांची होती, निदान बोटांपुरती तरी. गप्प राहिलं, तर सोमवारी काचेपलीकडे जाईल, पण आपली म्हणून जाईल. माहेरचं नाव सांगितलं, तर इथं टेबलापलीकडे राहील. कुणाची म्हणून?

चहा कधीच गार झाला होता. तो त्यांनी तळापर्यंत संपवला, ताटलीतले सगळे शेंगदाणे खाल्ले, आणि मग डॉक्टरांना हाक मारली.

"तुमच्या बाईला आणखी एक नाव घ्यायला सांगता का?"

कपाळपट्टी बांधली. डॉक्टरांच्या हातातल्या पडद्यावर हिरवी रेघ सरकू लागली. भिंतबाई एका सुरात बोलत गेली, "शोभा. रंजना. मीनल. अलका." रेघ सपाटच होती. "द्वारका."

रेघेनं उडी मारली.

"ओ!" ती म्हणाली, आणि आजवर पहिल्यांदा मान वळवून तिनं भिंतीकडे पाहिलं.

डॉक्टरांच्या तोंडून काहीतरी इंग्रजी निघालं. शबानानं ओठ दाताखाली धरला. द्वारकेनं खोलीवरून नजर फिरवली, ती आवटींवर येऊन थांबली. अंगात 'निवांत'चा बटणांचा गाऊन होता, तरी तिनं नसलेला पदर सावरला.

"तुम्ही कुणाकडं आलाय? आबा रानात गेलेत."

इतका स्वच्छ आवाज आवटींनी दोन वर्षांत ऐकला नव्हता. परकाही तितकाच स्वच्छ होता.

"तुमच्याकडंच आलोय," ते म्हणाले. "मुलगी बघायला."

तिनं त्यांना डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं. "ह्या वयात?"

शबानाला हसू आवरलं नाही. हार मानणं आवटींच्या रक्तात नव्हतं. "माझ्यासाठी नव्हे हो. मुलासाठी. मी मुलाचा बाप."

"मग मुलगा कुठाय?"

"काट्यावर असतो, कारखान्यात. आज सुट्टी मिळाली नाही. जरा आगाऊ आहे, पण मापात पाप करत नाही."

"आगाऊ चालेल. मुका नको," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक विचारू? माझं नाव बदलणार का तुम्ही? आमच्या अक्काचं बदललं. आता माहेरी आली, अन् आईनं जुन्या नावानं हाक मारली, तरी वळून बघत नाही ती."

आवटींच्या खिशात मंगळसूत्र होतं. त्यावरून त्यांनी बोटं फिरवली.

"नाही बदलणार. मुलाला बजावतो मी."

"ऐकेल?"

"उशिरानं कळतं त्याला. पण ऐकेल."

तिचं समाधान झालं असावं. तिनं ताटली पुढं ओढली आणि पोहे खायला घेतले. आधी शेंगदाणे वेचले. एकेक करून, मिटक्या मारत, स्वतःच खाल्ले.

आवटी बघत राहिले. इतक्या वर्षांची एक पक्की नोंद चुकीची निघाली होती. तिला शेंगदाणे नावडत नव्हते, आपल्याला आवडत होते.

बाहेर येताच डॉक्टर म्हणाल्या, "त्या खालीच राहतील, काका." आवाजात आनंद होता, पण डबीची उघडझाप पुन्हा सुरू झाली होती. "वरच्या सगळ्यांची चाचणी आम्ही फॉर्मवरच्या नावानंच घेतली."

"फॉर्म भरले मुलांनी."

डॉक्टरांनी तिथंच उभ्याउभ्या पाटीलकाकूंच्या मुलाला फोन लावला. "आईचं नाव? सुलोचना. लिहिलंय की फॉर्मवर," पलीकडून आवाज आला.

"लग्नाआधीचं हवंय."

"आधीचं म्हणजे? वेगळं होतं का काही? मामा असते तर सांगितलं असतं त्यांनी."

दुपारी शांत विभागातल्या भिंतबाईचा आवाज पहिल्यांदाच चालू करण्यात आला. डॉक्टरांनी आवटींना काचेच्या आत घेतलं. पाटीलकाकू डोळे मिटून पडल्या होत्या. कॅरमच्या सोंगट्या उडवणारी बोटं चादरीवर निर्जीव पसरली होती.

"कमल. विमल. सिंधू. इंदू. यशोदा. हिराबाई." भिंतबाई न थकता नावं घेत राहिली. शाळेतल्या एखाद्या न संपणाऱ्या हजेरीसारखं ते वाटत होतं, आणि कुणीच ओ देत नव्हतं. आजूबाजूच्या खाटांवर दोघींनी कूस बदलली. शबाना कधी पडद्याकडे, कधी त्या दोघींकडे बघत होती.

शेवटी भिंतबाई म्हणाली, "त्या काळातल्या मुलींची माझ्याजवळची नावं संपली. आपल्याला आणखी एखादं माहीत आहे का?"

आवटींना एक नाव सुचत होतं. पाच बहिणींत शेवटची, पाठीवर भाऊ. कॅरम खेळताना काकूंचं ते बोलणं त्यांनी ऐकून सोडून दिलं होतं. आता ते नाव जिभेवर घ्यायला त्यांना जड गेलं.

"नकुशा म्हणून बघा."

"म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"नको असताना झालेली. आमच्या भागात ठेवायचे असं नाव. ठेवलं की पुढचा मुलगा होतो म्हणे."

"हा शब्द माझ्या यादीत नाव म्हणून नाही," भिंतबाई म्हणाली.

"घाल."

भिंतबाईनं तो शब्द आपल्या सगळ्यात गोड आवाजात उच्चारला. "नकुशा."

हिरवी रेघ उसळली, द्वारकेच्या रेघेपेक्षाही उंच. चादरीवरची बोटं हलली. पाटीलकाकूंनी डोळे उघडले आणि घाईघाईनं उठायची धडपड करू लागल्या. "आले, आले. भांडी झालीच. आलेच मी."

शबानानं पुढं होऊन त्यांचा हात घट्ट धरला. डॉक्टर पडद्याकडे बघत राहिल्या.

"यांना आता खाली न्यायचं ना, मॅडम?" शबानानं हळू आवाजात विचारलं. "मग उद्या सकाळी भिंतबाईनं यांना काय म्हणून उठवायचं?"