बुधवारी गाडी येत नाही

कचऱ्याची पिशवी घेऊन पेइशान गल्लीच्या तोंडाशी आली, तर तिथे चिटपाखरू नव्हतं. एरवी संध्याकाळी या वेळेला निम्मी गल्ली इथे छत्र्या सावरत उभी असे. कचरा नेणाऱ्या पिवळ्या गाडीची धून लांबून ऐकू आली की सगळे आपापल्या पिशव्या घेऊन जिने उतरत. आज फक्त पाऊस होता... कीलुंग बंदराचा नेहमीचा, बारीक, चिकट पाऊस. आणि पत्र्याच्या छपराखाली एक उंच तरुण, हातात तिच्यासारखीच गच्च पिशवी.

"गाडी गेली का हो?"

"आली असती तर गेली असती," तो म्हणाला. "आज बुधवार आहे."

बुधवारी आणि रविवारी गाडी येत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पेइशान स्वतःवरच चिडली.

"मग तुम्ही पिशवी घेऊन कशाला उभे आहात?"

"मीही विसरलो. आता हीच पिशवी घेऊन परत वर जायची लाज वाटतेय." तो हसला तेव्हा त्याचे डोळे जवळजवळ मिटले. "पण बरं झालं तुम्ही आलात. एकट्याने वेडं ठरण्यापेक्षा जोडीने ठरलेलं चांगलं."

हसायचं नाही असं ठरवूनही तिला हसू आलं.

त्याचं नाव ग्वानलिन. गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचा, गल्लीच्या टोकाला भाड्याने राहायचा. ती बंदराच्या प्रयोगशाळेत समुद्राच्या पाण्याचे नमुने तपासायची आणि दिवसभर पाण्यात काय वाईट आहे तेच शोधायची. घरी येतानाही तिचं तेच चालू असे... बसला गर्दी, चपला ओल्या, कपडे वाळत नाहीत.

"एक नियम करू," दुसऱ्या दिवशी रांगेत तो म्हणाला. "पिशवी गाडीत टाकायच्या आधी दिवसातली एक चांगली गोष्ट सांगायची. तक्रार आणली तर पिशवी परत वर न्यायची."

"आणि एखाद्या दिवशी काहीच चांगलं घडलं नाही तर?"

"तर बुधवारपर्यंत थांबायचं. बुधवारी गाडी नाही, म्हणजे नियमही नाही. हवं तेवढं रड."

हा खुळेपणा आहे, असं तिला वाटलं. पण संध्याकाळी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून ती दिवसभर काहीतरी शोधू लागली, आणि शोधलं की सापडूही लागलं.

"आज नमुन्याच्या बाटलीत नखाएवढी जेलीफिश आली. जिवंत. मी तिला परत सोडून आले."

"आज मी डबा विसरलो," ग्वानलिन म्हणाला, "तर तिघांनी मला आपला अर्धा अर्धा डबा दिला. आता वाकता येत नाहीये. माझी पिशवी तूच टाक."

"आळशी माणूस!"

"ही तक्रार झाली हं. चल, परत वर."

शेजारच्या लिआओ मावशी खरकट्याची बादली हलवत म्हणायच्या, "तुमचं बोलणं होईपर्यंत गाडी निघून जाईल. लग्न करून टाका, म्हणजे एकाच पिशवीत भागेल!"

पेइशानचे कान तापायचे. ग्वानलिन आपली छत्री तिच्याकडे कलती धरायचा, त्यामुळे त्याचा डावा खांदा कायम भिजलेला असे. त्याच्या हातांना साबण आणि इंजिनाच्या तेलाचा मिसळलेला वास येई. तो वास तिला आवडायला लागला होता, पण ही चांगली गोष्ट तिने रांगेत कधी सांगितली नाही.

वर्षभरात दिवस हलके झाले. बसची गर्दी तेवढीच होती आणि कपडेही वाळत नव्हते, तरी सकाळी उठताना छातीवरचं ओझं नव्हतं. हे ग्वानलिनमुळे, एवढं तिला कळत होतं.

मग एका सोमवारी त्याने रांगेत चांगली गोष्ट सांगितली नाही. धून जवळ येत होती.

"मी गावी, ताइतुंगला परत चाललोय," तो म्हणाला. "कायमचा. बाबांना आता बागेत उभं राहवत नाही. सीताफळाची बाग आहे आमची... गुरुवारी सकाळची रेल्वे."

गाडी कोपऱ्यावर वळली. तो तिच्याकडे बघत होता. इतका वेळ, इतकं सरळ त्याने कधी बघितलं नव्हतं. पेइशानने बांधलेल्या पिशवीला आणखी एक गाठ मारली.

"छान की!" ती म्हणाली. "तिकडे ऊन असतं. तुझा डावा खांदा एकदाचा वाळेल."

मावशी हसल्या. ग्वानलिनही हसला, पण जरा उशिरा.

पिशव्या टाकून झाल्यावर तो म्हणाला, "बुधवारी खाली येशील?"

"बुधवारी गाडी नसते."

"म्हणूनच."

बुधवारी तिने चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. मग दिवा मालवून खिडकीच्या पडद्यामागे उभी राहिली. खाली, पत्र्याच्या छपराखाली तो होता. हातात पिशवी नव्हती.

खाली गेले तर रडेन, तिने विचार केला. मी रडले तर त्याचा पाय अडकेल, आणि तिकडे वडील एकटे आहेत. त्याने आपला हसरा चेहरा बरोबर न्यावा, यातच दोघांचं भलं. सगळं तिने प्रयोगशाळेतल्या बाटल्यांसारखं ओळीने मांडलं. इतकं नीट, की त्यात भीती कुठली ते तिलाही ओळखता आलं नाही.

पाऊस वाढला. बऱ्याच वेळाने तो निघून गेला.

नंतर फोनवर निरोप येत-जात राहिले. 'आज इथे लख्ख ऊन.' 'आज नवीन सूक्ष्मदर्शक आला.' 'बाबा काठीशिवाय चालले.' दोघंही नियम पाळत होते. चांगल्या गोष्टी हळूहळू आखूड होत गेल्या, मग नुसते हसरे चेहरे उरले, मग तेही सणासुदीला.

दुसऱ्या हिवाळ्यात मावशींच्या नावाने ताइतुंगहून सीताफळांची पेटी आली. निम्मी फळं पेइशानच्या टोपलीत ठेवताना मावशी म्हणाल्या, "फ्रिजमध्ये घालू नकोस गं, कच्ची थंड झाली की पिकायचीच थांबतात." मग सहज बोलल्यासारखं, "जायच्या आदल्या दिवशी इथेच उभा होता पोरगा. मी म्हटलं, अरे, भिजतोस काय, गाडी नाही आज. तर म्हणतो, मावशी, तिने एकदा 'जाऊ नकोस' म्हटलं, तर बाबांना इकडेच घेऊन येईन."

पेइशानच्या हातातलं फळ हातातच राहिलं.

"तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलं?"

"तू दुसऱ्या दिवशी हसत आलीस रांगेत. म्हटलं, पोरीच्या मनात नसेल."

बुधवारी संध्याकाळी, गल्ली रिकामी असताना, त्याच छपराखाली उभं राहून तिने फोन लावला.

"पेइशान!" मागे कुठेतरी कोंबडा ओरडत होता. "फळं पोचली? चांगली गोष्ट सांग आधी."

"पोचली. आधी तू सांग."

"मी... वसंतात लग्न करतोय. शेजारच्या बागेतली आहे. भारी रडकी. पाऊस आला तरी रडगाणं, नाही आला तरी रडगाणं. पण तिच्या मनात काय आहे, ते मला विचारावं लागत नाही."

पावसाचा एक थेंब पत्र्यावरून तिच्या मनगटावर पडला. तिने तो पुसला नाही.

"ग्वानलिन, आज बुधवार आहे."

"हो."

"त्या दिवशी मी घरातच होते. खिडकीत. दिवा मालवून."



"माहीत आहे," तो हळूच म्हणाला. "पडदा हलला होता."

"मग हाक का नाही मारलीस?"

"मला वाटलं, तू आनंदात आहेस. तो आनंद आपण कशाला घालवा..."

"नव्हते," ती म्हणाली. "तू जाऊ नयेस असं वाटत होतं. खूप वाटत होतं. आता तू काही करू नकोस. फक्त हे एकदा बोलायचं राहिलं होतं."

"मलाही," तो म्हणाला. आवाज ओला होता. "तेव्हा... मलाही."

मग त्याला कुणीतरी लटक्या रागाने हाक मारली, आणि "काळजी घे" म्हणून त्याने फोन ठेवला.

गुरुवारी गाडीची धून आली. पेइशान पिशवी घेऊन उतरली.

"काय गं, आजची चांगली गोष्ट?" मावशींनी विचारलं.

नेहमीचं हसू ओठांपर्यंत आलं. तिने ते तिथे टिकू दिलं नाही.

"आज बरं नाही वाटत, मावशी. फार रडू येतंय."

मावशींनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली, आपल्या पिशवीबरोबर गाडीत टाकली आणि छत्री तिच्याकडे कलती केली. बघता बघता मावशींचा खांदा भिजला. पेइशान रडली; रांगेतल्या लोकांसमोर, धून लांब जाईपर्यंत.

मग नाक पुसून म्हणाली, "एक सीताफळ पिकलंय. वर या, अर्धं अर्धं खाऊ."