पडवीची परवानगी

एक अनोळखी तरुण बुटांसकट थेट माझ्या पडवीत शिरला, तेव्हा मी त्याला चांगलंच झापलं. पडवी अजून बांधायची होती, हे खरं. पण फक्कीने आखून झाली होती ना! आणि हा एका पांढऱ्या रेघेवर उभा राहून खुशाल मोबाईलवर बोलत होता.

“ओ, रेघ पुसतेय तुमच्या बुटाने. बाहेर व्हा.”

त्याने खाली पाहिलं, मग माझ्याकडे. “बाहेर तर तुम्ही आलाय… पार रस्त्यापर्यंत.”

“तुम्ही कोण सांगणार?”

“पार्थ. नगरपरिषदेत इंजिनिअर.”

दुसरी एखादी ओशाळली असती. मी म्हटलं, “बरं झालं. मग परवानगी कशी मिळते, तेही सांगून जा.”

त्याने सांगितलं. घर आणि रस्ता यांच्यामध्ये मोकळी जागा सोडावी लागते, तिला सामासिक अंतर म्हणतात. माझी पडवी त्यातली जवळजवळ सगळी जागा खात होती. पण खरीच अडचण असेल तर सवलत मागता येते.

आमची अडचण आत खाटेवर पडून होती. माझे वडील, आप्पा. एके काळी देवळालीतून जाणारा प्रत्येक ओळखीचा माणूस आप्पांशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नसे. अर्धांगाचा झटका आला आणि ते मागच्या खोलीत गेले. लोक दारातूनच चौकशी करून परतू लागले. चाकाची खुर्ची होती, पण दारात सावली नव्हती, उतार नव्हता. पडवी झाली तर आप्पा पुन्हा माणसांत येतील, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

मी अर्ज केला. उसाच्या रोपवाटिकेतलं काम उरकलं की मी नगरपरिषदेत जायचे. आज नकाशा, परवा डॉक्टरांचा दाखला…

“सगळे कागद एकदम आणले तरी चालतात,” एकदा पार्थ म्हणाला.

“माहितीये. पण मग मी एकदाच आले असते.”

तो नकाशात डोकं घालून बसला. कान मात्र लालबुंद झाले होते, आणि मला ते फार आवडले.

माघात अवकाळी पाऊस आला, त्या संध्याकाळी मी आप्पांना जरा दाराबाहेर आणलं होतं. बघता बघता सरी कोसळल्या. खुर्ची उंबऱ्याला अडली… आत जाईना. तेवढ्यात मोटरसायकल आडवी टाकून कुणीतरी धावत आलं. पार्थ! मागून त्याने ढकललं, पुढून मी ओढलं. आत आलो तेव्हा तिघंही चिंब होतो.

“साहेब, माज्यापायी लई भिजलात,” आप्पा म्हणाले.

“भिजलो ते बरं झालं,” तो म्हणाला, पण बघत माझ्याकडे होता. मी टॉवेल पुढे केला. टॉवेल घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळली… मीही हात मागे घेतला नाही.

म्हणूनच पाहणीच्या दिवशी त्याच्याऐवजी काकासाहेब आले, तेव्हा माझं डोकं फिरलं. काकासाहेब म्हणजे नगरपरिषदेतले सर्वांत कडक इंजिनिअर. पार्थने स्वतःहून माझी फाईल सोडल्याचं त्यांच्याकडूनच कळलं. ते गेल्याबरोबर मी तडक ऑफिस गाठलं.

“माझ्या आप्पांचा प्रश्न आहे आणि तुम्ही हात झटकले?”

पार्थ मला बाहेर लिंबाखाली घेऊन आला.

“मोनिका… मला आई-वडिलांना घेऊन तुमच्या घरी यायचंय. मुलगी बघायला.” त्याने एक श्वास घेतला. “मीच शिफारस केली असती, तर लोक म्हणाले असते, साहेबाने पडवी दिली अन् पोरगी नेली. तुम्हाला ते ऐकावं लागू नये.”

माझा राग कुठल्या कुठे पळाला. तरी मी विचारलं, “काकासाहेब नाही म्हणाले तर?”

“तर अपील करता येतं.”

“आणि मी नाही म्हणाले तर?”

“त्याला… अपील नसतं.”

मी हसू दाबत वळले. घरी जाताना मात्र गाणं गुणगुणत गेले.

काकासाहेबांनी पडवी दोन्ही बाजूंनी उघडी ठेवायला लावली, रुंदीही छाटली. तिथे टांगायचा ठरवलेला माझा झोपाळा त्यात गेला. पण शिफारस केली, आणि मंजुरी आली.

बांधकाम झालं, त्यानंतरच्या एका रविवारी पार्थ जवळच्याच बेलापूरहून, आपल्या घरून, आई-वडिलांना घेऊन आला. त्यांना सगळ्यांत आधी पाहिलं आप्पांनी, पडवीतल्या खुर्चीतून. “मोने, पाव्हनं आलं गं!” त्यांचा आवाज गल्लीभर गेला.

पोहे झाले, चहा झाला. आमच्याकडे मुलीकडचा होकार चार दिवसांनी मध्यस्थाकडून कळवतात. मला कुठला धीर!

“मला पार्थ पसंत आहेत,” मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. “फार आवडतात.”

पार्थच्या आईने आधी डोळे मोठे केले, मग हसून त्याच्या पाठीत धपाटा घातला.

चांगल्या हाताने आप्पांनी माझा हात धरला. “पोरी, मला वाटलं हुतं, तुझ्या लग्नात मी आतच पडून असन. आता तुला वाटं लावायला मी हितवर येनार.”

इतके दिवस कुणालाही न बधलेली मी पाहुण्यांसमोर ढसाढसा रडले.

पार्थ उठून आमच्याजवळ आला. “आप्पा, मी रोज देवळालीलाच येतो कामाला,” तो म्हणाला. “हिची रोपवाटिकाही इथंच. रोज सकाळी हिला तुमच्यापाशी चहाला सोडत जाईन.”